परिचारिकांची परिचर्या : अधिसेविकेच्या जबाबदारीचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना वक्ता बहुधा एखाद्या संताकडे, समाजसुधारकाकडे किंवा साहित्यिकाकडे वळतो. वक्ता मराठीचा निवृत्त प्राध्यापक असला म्हणजे तर श्रोते तशी अपेक्षा घेऊनच येतात. आज मात्र मी आपल्याला रुग्णालयाच्या वॉर्डात नेणार आहे. सिल्वासाचे श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल किंवा खानवेलचे उपजिल्हा रुग्णालय यांच्याशी या ना त्या निमित्ताने संबंध आला नाही, असे कुटुंब या सभागृहात क्वचितच असेल. त्या खाटेजवळ रात्री दोन वाजता सलाईनची बाटली बदलायला आलेली परिचारिका आपल्याला आठवते. तिची पाळी कुणी लावली, ती जेवली की नाही हे कुणी पाहिले, पहाटे ती घरी कशी पोहोचली, हे प्रश्न आपल्या मनात येत नाहीत. ते ज्यांच्या मनात यावेत अशी अपेक्षा असते, त्या अधिसेविकेविषयी आणि वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरविषयी मला बोलायचे आहे.

प्रश्न जुना आहे. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाच्या अंगी चार गुण असावेत अशी त्याची अपेक्षा. परिचारकाच्या वाट्याला आलेले गुण म्हणजे उपचारांचे ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी अनुराग, आणि शुचिता. यांतील तिसरा गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. परिचारकाने रोग्यावर अनुराग ठेवावा हे चरकाला सुचले, पण परिचारकावर अनुराग ठेवण्याचे काम त्याने या चौघांपैकी कुणाकडेही सोपविले नाही. चौकटीच्या बाहेर राहिलेले हे काम पुढे ज्या पदाकडे आले, त्या पदाचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी लिहिलेला नाही.

माझा व्यवसाय शब्दांचा, म्हणून शब्दांपासून आरंभ करतो. 'मेट्रन' हा शब्द इंग्रजीतून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील आईचा शब्द आहे. 'सिस्टर' हे संबोधन ख्रिस्ती जोगिणींच्या मठांतून रुग्णालयांत आले. हे झाले परक्यांचे शब्द. आपण काय केले? वॉर्डातील आयाबाईला आपण 'मावशी' केले, वॉर्डबॉयला 'मामा' केले, आणि पुरुष परिचारक आला तेव्हा विनातक्रार त्याला 'ब्रदर' म्हणू लागलो. म्हणजे रुग्णालयाचा सारा गोतावळाच नात्यांच्या शब्दांनी उभा राहिला. महाराष्ट्र शासनाची परिभाषा मात्र निराळ्या वाटेने गेली. तिने मेट्रनला 'अधिसेविका' म्हटले, वॉर्डच्या प्रमुख सिस्टरला 'परिसेविका' म्हटले आणि स्टाफ नर्सला 'अधिपरिचारिका'. हे शब्द कृत्रिम म्हणून त्यांची थट्टा झाली. बोलताना अजूनही कुणी 'अधिसेविकाबाई' म्हणत नाही, 'मेट्रन मॅडम' असेच म्हणतात. परंतु या कृत्रिम शब्दांत एक गोष्ट आहे जी गोड शब्दांत नाही. त्यांत नाते नाही, पद आहे. नात्यात माया मागता येते, पण तिच्यासाठी कुणाला जबाबदार धरता येत नाही. पदाला जाब विचारता येतो. माया आणि जाब यांमधली ही ओढाताणच या पदाचा इतिहास आहे, असे मला वाटते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घेतल्याशिवाय हा इतिहास सुरू होत नाही; पण आपण त्यांच्या हातात कायमचा दिवा देऊन त्यांना चित्रात बसवून ठेवले आहे. त्यांची खरी करामत प्रशासनातील होती. परिचारिकांवरचा अधिकार स्त्री अधीक्षिकेकडे असावा, आणि त्यांच्या राहण्याची, जेवणाची, विश्रांतीची सुरक्षित व्यवस्था हा प्रशिक्षणाचाच भाग असावा, हा त्यांचा आग्रह होता. १८८८ साली कॅथरिन लॉक यांच्या नेतृत्वाखाली लष्करी परिचारिकांची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली, ती हीच शिस्त घेऊन. पुढे १९०५ मध्ये लखनौ येथे भारतातील परिचर्या-क्षेत्राची पहिली संघटना निघाली, ती साध्या परिचारिकांची नव्हती. ती नर्सिंग सुपरिंटेंडेंट्सची, म्हणजे मेट्रनचीच संघटना होती. प्रशिक्षित परिचारिकांची संघटना त्यानंतर तीन वर्षांनी, १९०८ मध्ये आली आणि १९२२ मध्ये दोन्ही एक झाल्या. वरिष्ठांनी आधी स्वतः एकत्र यावे आणि मग कनिष्ठांसाठी दार उघडावे, हा क्रम त्या काळाला धरूनच होता.

या सर्व हालचाली प्रामुख्याने युरोपीय आणि ख्रिस्ती स्त्रियांच्या होत्या. हिंदू घरांतील, त्यातही ब्राह्मण घरांतील स्त्री परक्या पुरुषाच्या शरीराला हात लावील, हा विचारच त्या काळच्या पुण्याला असह्य होता. तो अडसर दूर करण्याचे श्रेय रमाबाई रानडे यांच्याकडे मोठ्या प्रमाणात जाते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली आणि थोड्याच काळात तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. या स्त्रियांना घरातून रुग्णालयात पाठवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांच्यासाठी वसतिगृहाची सोय करावी लागली. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट ओझरती येते. माझ्या मते मुख्य गोष्ट तीच आहे. परिचर्येचे आवाहन पुष्कळांनी केले असते, पण 'तू ये, तुझ्या निजण्याची, जेवणाची आणि अब्रूची जबाबदारी आमची' असे म्हणणारे कुणी हवे होते.

रमाबाईंच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात लाल आलवण नेसलेली, केशवपन केलेली एक तरुण विधवा बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीतील कॉलेजच्या तरुणांनी तिची टर उडविली. समारंभाच्या अखेरीस रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या सुशिक्षितांना भर सभेत खडसावले. ज्यांना दुर्दैवाने गांजलेल्या मुलीविषयी सहानुभूती वाटत नाही त्यांनी स्वतःला शिकलेले का म्हणवावे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. रमाबाई काही रुग्णालयाच्या मेट्रन नव्हत्या. तरीही प्रमुखाने आपल्या माणसासाठी काय करावे याचे मराठी समाजातील आरंभीचे एक उदाहरण म्हणून मी या प्रसंगाकडे पाहतो. त्या मुलीला एकांतात जवळ घेऊन डोळे पुसता आले असते. ते सोपेही होते. रमाबाईंनी अपमान जेथे झाला तेथेच, अपमान करणाऱ्यांच्या तोंडावर त्याची भरपाई केली.

त्यानंतरच्या तीन-चार दशकांत रुग्णालये वाढली, परिचारिका वाढल्या, पण गरजेच्या मानाने फारच थोड्या. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्या वेळी देशात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. समितीने परिचारिकांच्या निवासाची आणि कामाच्या परिस्थितीची दुरवस्था स्पष्ट शब्दांत मांडली. परिचारिका मिळत का नाहीत याचे कारण मुलींच्या अंगी सेवाभाव नाही हे नसून, आलेल्या मुलीला आपण माणसासारखे ठेवत नाही हे आहे, असाच त्या अहवालाचा अर्थ होतो. या काळातील मेट्रनचे चित्र आपल्या जुन्या परिचारिका अजून रंगवून सांगतात : कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नर्सेस होमच्या दाराशी रात्री हजेरीची वही. तिला मुली भीत असत. ती जेलरसारखी वागे असेही त्या सांगतात, आणि आजारी पडल्यावर स्वतः पेज घेऊन तीच खोलीत येई असेही त्याच सांगतात. हजेरीची ती वही जाचक होती यात शंका नाही. परंतु तिचा एक अर्थ असाही होता की रात्री प्रत्येक मुलगी परत आली की नाही, हे पाहणारे कुणीतरी त्या दाराशी बसलेले असे.

आता मी अशा एका घटनेकडे येतो जी सांगताना आवाज स्थिर ठेवणे अवघड जाते.

परळचे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय, ज्याला सारी मुंबई 'केईएम' म्हणते, १९२६ मध्ये सुरू झाले. त्याच्या मागे राष्ट्रीय स्वाभिमानाची प्रेरणा होती. महापालिकेच्या या रुग्णालयाने आणि त्याच्या जोडीच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाने भारतीयांच्या हाती भारतीयांची चिकित्सा सोपविली. १९६० च्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूर गावची एक मुलगी येथे परिचारिका होण्यासाठी आली. तिचे नाव अरुणा शानबाग. तिचे लग्न ठरलेले होते. १९७३ मध्ये ती रुग्णालयाच्या श्वान-शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कामाला होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी काम संपवून ती तळघरात कपडे बदलत असताना तेथील एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास एका सफाई करणाऱ्या स्त्रीला ती रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध पडलेली दिसली. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने झालेली हानी कायमची होती. तेव्हा ती पंचविशीत होती.

या हकीगतीत संताप येण्याजोगे पुष्कळ आहे. आरोपीला हल्ला आणि चोरी यांबद्दल सात-सात वर्षांची शिक्षा झाली, ती दोन्ही एकत्र भोगायची होती. लैंगिक अत्याचाराचा भाग खटल्यात आलाच नाही, कारण तिच्या अब्रूच्या विचाराने तो प्रथमपासून झाकला गेला, असे पुढे लिहिले गेले. १९८० मध्ये तो सुटला. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने मला दोन साध्या गोष्टींपाशी थांबायचे आहे. पहिली, एका परिचारिकेला कपडे बदलण्यासाठी तळघरात जावे लागत होते. दुसरी, संध्याकाळपासून सकाळपर्यंत ती तेथे पडून होती. हा दोष कुणा एका व्यक्तीच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या व्यवस्थेत परिचारिकांना गणवेश बदलण्याची सुरक्षित खोली नाही आणि काम संपलेली बाई बाहेर पडली की नाही हे पाहण्याची रीत नाही, त्या व्यवस्थेत मायाळू मेट्रन असून नसून काय उपयोग? हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत अरुणाची नीट व्यवस्था होती आणि स्वतःच्या कामाच्या ठिकाणची सुरक्षितताही होती. या दोन मागण्या त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत, ही त्यांची समज मोठी होती.

यानंतर जे घडले त्याला जगाच्या रुग्णालयांच्या इतिहासात तोड मिळणे कठीण. वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत अरुणा बेचाळीस वर्षे राहिली. १९८० च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी तिला अन्यत्र हलविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिकांनी तो हाणून पाडला. या काळात किती मेट्रन आल्या आणि निवृत्त झाल्या. ज्या मुली अरुणाच्या जन्माच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या, त्या तिला आंघोळ घालू लागल्या, घास मऊ करून भरवू लागल्या. मासे दिले की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, हे एकीने दुसरीला सांगितले आणि ते रुग्णालयाच्या स्मृतीचा भाग झाले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काही दिवसांत पाठीवर जखमा होतात, हे घरात वृद्ध असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अरुणाला इतक्या वर्षांत तशी जखम झाली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. याचा अर्थ असा की दर दोन-तीन तासांनी, दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत, सुटीच्या दिवशी, गणपतीत, दिवाळीत, मुंबई पुरात बुडालेली असताना, कुणीतरी येऊन तिला कुशीवर वळवत होते. हे भावनेच्या उमाळ्याने होत नाही. हे कामाच्या वाटपात लिहिलेले असावे लागते. कुणीतरी रोज पाळी लावताना त्या खोलीची आठवण ठेवावी लागते, आणि चार्ज देताना पुढच्या पाळीला सांगावे लागते. नर्सिंगच्या शाळेत आलेल्या प्रत्येक नव्या तुकडीची तिच्याशी ओळख करून दिली जाई आणि ही आपल्यातलीच होती, आहे, असे त्यांना सांगितले जाई. माझ्या मते हा त्या अभ्यासक्रमातील सर्वांत मोठा धडा होता. रुग्णसेवेचा तर होताच. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला त्यातून हेही कळत असे, की येथे तुझे काही बरेवाईट झाले तर या बायका तुला टाकणार नाहीत.

२००९ मध्ये, पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की तिला कृत्रिम रीतीने जगविणे थांबवावे. विराणी यांनी १९९८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले होते आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. तिला विसरू न देण्याचे काम त्यांनीही केले. परिचारिकांनी त्या अर्जाला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यान सुधा मिश्रा यांनी निकाल दिला. काही परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवनरक्षक उपचार थांबविता येतील हे तत्त्व त्यांनी मान्य केले. अरुणाच्या बाबतीत मात्र अर्ज फेटाळला. या निकालाचा एक भाग कायद्याच्या चर्चेत मागे पडतो. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने केईएम रुग्णालयाचे कर्मचारी असे दिले. रक्ताच्या नात्याने किंवा कैवार घेणाऱ्याच्या तळमळीने जो अधिकार मिळाला नाही, तो रोजच्या शुश्रूषेने मिळाला. निकालानंतर परिचारिकांनी मिठाई वाटली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचे निधन झाले, तेव्हा तिच्या अंत्ययात्रेत गणवेशातील परिचारिका होत्या.

या बेचाळीस वर्षांविषयी मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. काही जण म्हणतात, परिचारिकांनी अरुणाला तिच्यासाठी जगविले की स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी? हा प्रश्न क्रूर वाटला तरी विचारण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला नाही. मला खटकते ते वेगळे. वर्तमानपत्रांनी परिचारिकांच्या या मायेवर इतके अग्रलेख लिहिले, की तळघरातील खोलीचा मूळ प्रश्न त्या स्तुतीखाली दबून गेला. परिचारिकांची माया अपार निघाली. त्यामुळे तिची आणि तिच्या मैत्रिणींची काळजी घेण्याचे ज्यांचे काम होते, त्यांना कुणी फारसे काही विचारले नाही. 'सिस्टर', 'मावशी', 'मामा' या शब्दांविषयी आरंभी मी जे म्हणालो, त्याचे हे सर्वांत दुःखद उदाहरण आहे.

याचा अर्थ माया नको असा नाही. वॉर्डात तिचे रूप कसे असते, हे निवृत्त परिचारिकांशी बोलताना मला समजत गेले, आणि प्रत्येक वेळी गोष्ट येऊन थांबली ती पाळीच्या तक्त्यापाशी. मराठीत कवितांचे, पत्रांचे, दस्तऐवजांचे संपादन मी पुष्कळ वर्षे केले, पण ड्यूटी रोस्टर नावाचा मजकूर वाचायला मला या स्त्रियांनी शिकविले. सलग रात्रपाळ्या संपवून आलेल्या मुलीला दुसऱ्याच दिवशी सकाळची पाळी दिली आहे का? नवखी मुलगी रात्री एकटी आहे, की तिच्या जोडीला जुनी कुणी आहे? जिचे मूल अंगावर पिते, तिला घराजवळच्या वेळा मिळाल्या का? दिवाळीची सुटी दर वर्षी त्याच चौघींना मिळते का? आपल्या सिल्वासात तर हा तक्ता म्हणजे एक छोटा भारत देशच असतो. गुजरातेतून, महाराष्ट्रातून, केरळातून आलेल्या आणि येथल्याच वारली, कोकणा, धोडिया घरांतल्या मुली एका वॉर्डात काम करतात. कुणाला ओणमला घरी बोलता यावे म्हणून सुटी हवी, कुणाला नाताळची, कुणाला नवरात्राची. आणि आदिवासी मुलीला होळीची हवी असते, कारण तिच्या पाड्यावर वर्षाचा खरा सण तो. प्रमुख सिस्टरला हे ठाऊक असेल तर ते तक्त्यात दिसते. ठाऊक नसेल तर तेही दिसते.

दुसरी गोष्ट त्या स्त्रिया सांगत, ती दाराशी उभे राहण्याची. रुग्ण दगावला, नातेवाईक चिडून आत शिरले, शिवीगाळ सुरू झाली, की मुलींना मागे सारून पुढे कोण उभे राहते यावरून त्या आपल्या सिस्टरची किंमत करीत. महाराष्ट्रात २०१० मध्ये रुग्णालये आणि तेथील कर्मचारी यांच्यावरील हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, पण कायदा सकाळी येतो आणि जमाव रात्री. तिसरी गोष्ट चुकीची. औषधाच्या मात्रेत गफलत झाली, थर्मामीटर फुटला, चादरींची मोजणी जुळली नाही, की पूर्वी प्रथम स्पष्टीकरणाची नोटीस निघे. जाणत्या सिस्टर आधी रुग्णाला सांभाळत, मग त्या मुलीला पाणी देत, आणि मग काय झाले ते लिहून घेत. असे जिथे होते तिथे पुढची चूक लपवली जात नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटते. रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहे, कारण लपवलेल्या चुकीची फळे रुग्णच भोगतो.

परंतु येथे त्या सिस्टरचीही बाजू सांगितली पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. चाळीस खाटांच्या आणि जमिनीवर गाद्या घातलेल्या वॉर्डात रात्री दोघीच असतील, तर न्याय्य तक्ता लावायचा कसा? माणसेच नसतील तेव्हा मायाळू प्रमुखाला शेवटी एकच साधन उरते : ती स्वतः जादा काम करते. १९८७ मध्ये केंद्र सरकारने सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली परिचर्या व्यवसायाविषयी उच्चाधिकार समिती नेमली. १९८९ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने आठवड्याला चाळीस तासांचे काम, निवास, पाळणाघर, वाहन अशा शिफारशी केल्या. अहवाल वाचताना भोर समितीची पाने पुन्हा उलटतो आहोत असे वाटते. मध्ये चार दशके गेलेली होती.

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. नाइटिंगेल यांच्या जन्माला तेव्हा दोनशे वर्षे पूर्ण होत होती. त्याच वर्षी करोनाची साथ आली. एप्रिलमध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयात पंचवीसहून अधिक परिचारिकांना लागण झाली आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावे लागले. आपण त्या काळात गच्चीवर उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. मीही वाजविली. संरक्षक पोशाखात तासन् तास पाणी न पिता काम करणाऱ्या मुलींना त्या थाळीचा उपयोग किती झाला असेल ते त्याच जाणोत. त्यांना हवे होते ते दोन पाळ्यांमध्ये पुरेसे अंतर, विलगीकरणासाठी खोली आणि घरी लहान मूल असेल तर ड्यूटीतून सूट. हे मिळवून देण्यासाठी ज्या अधिसेविका वरिष्ठांशी भांडल्या, त्यांची नावे कुठल्याही सत्काराच्या यादीत आली नाहीत.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण निवासी डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. दीर्घ ड्यूटीनंतर ती सेमिनार हॉलमध्ये विश्रांतीला गेली होती. २० ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमताना दिलेल्या आदेशात अरुणा शानबागचा उल्लेख आहे. एक्कावन्न वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला तिचे नाव घ्यावे लागले. त्या आदेशाने कृतिदलाला ज्या गोष्टींचा विचार करायला सांगितले, त्यांत स्त्री डॉक्टर, पुरुष डॉक्टर, स्त्री परिचारिका आणि पुरुष परिचारक यांच्यासाठी स्वतंत्र विश्रांतिकक्ष, त्यांत पुरेशा खाटा आणि पिण्याचे पाणी, तसेच रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ये-जा करण्यासाठी वाहन, हे सारे नावानिशी आहे. सेवासदनाच्या वसतिगृहानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आपण पुन्हा निजण्याच्या जागेविषयी, पाण्याविषयी आणि घरी पोहोचण्याविषयी बोलत आहोत.

आपल्या प्रदेशाची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही आणि थोडी अधिक बिकट आहे. २६ जानेवारी २०२० पासून दादरा आणि नगर हवेली हा दमण-दीवसह एक केंद्रशासित प्रदेश झाला. त्याआधी २०१९ मध्ये सिल्वासात वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले होते. रुग्णालय मोठे झाले म्हणजे परिचारिकांची संख्या वाढते, आणि प्रमुख सिस्टरला प्रत्येकीचे नाव ठाऊक असण्याचे दिवस संपतात. आजवर जे ओळखीने आणि मायेने निभत होते, ते यापुढे लेखी नियमांनी निभवावे लागेल. दुधनी-मांदोनीच्या बाजूला डोंगरात उपकेंद्रांवर काम करणारी एएनएम तर बहुधा एकटीच असते. तिच्या वरिष्ठ परिचारिकेने महिन्यातून एकदा येऊन नोंदवह्या तपासल्या, लसीकरणाचे आकडे पाहिले, म्हणजे देखरेख झाली असे आपण मानतो. तिच्या क्वार्टरच्या दाराला आतून कडी आहे का, रात्री बाळंतपणाला हाक आली तर ती कुणाबरोबर जाते, पावसाळ्यात मोबाइलला रेंज असते का, हे त्या नोंदवहीच्या कुठल्या रकान्यात येते?

या सभागृहात बसलेल्यांपैकी काही जण रुग्णालयाच्या रोगी कल्याण समितीवर आहेत, काही पंचायतीत आहेत, आणि माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण सरकारी सेवेतही आहेत. समितीच्या बैठकीत यंत्रसामग्रीची खरेदी, रंगरंगोटी आणि पाण्याची टाकी हे विषय येतात, यायलाच हवेत. पुढच्या बैठकीत अधिसेविकाबाईंना बोलावून त्यांच्याकडे चालू महिन्याचा पाळीचा तक्ता मागावा, आणि परिचारिका कपडे कुठे बदलतात ती खोली त्यांच्याबरोबर जाऊन पाहून यावी, एवढीच माझी विनंती आहे.